मापाची वही

बुरूजकाका गवंडी होते आणि थापाडेही, आणि दोन्हीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या एका भिंतीवर म्हणे मालाने भरलेला ट्रक आदळला, तर ट्रकची घडी झाली आणि भिंतीचा रंगसुद्धा उडाला नाही. उलट ड्रायव्हरनेच भिंतीची माफी मागितली.

गेल्या वर्षी काका परांचीवरून पडले. कंबर गेली, उजवा खांदा गेला. थापा तेवढ्या शाबूत राहिल्या.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हापासून काकांनी रस्ता बघितला तो खिडकीतूनच. आता तळमजल्याची रस्त्याकडची खोली रिकामी होणार होती. मालकीणबाई काकूंना म्हणाल्या होत्या, "अपंग भत्त्याचं मंजुरीपत्र दाखवा, खोली तुमची. पण तीस तारखेपर्यंतच हं, पुढे मी थांबायची नाही."

अर्ज करून सात महिने झालेले. नऊ तारखेला काकूंनी पदर खोचला आणि भत्त्याचं ऑफिस गाठलं. रांग अशी, की शेवटी उभा राहिलेला तरुण खिडकीशी पोचेपर्यंत आजोबा व्हावा. काकू मात्र तासाभरात पोचल्या. कशा, ते त्यांच्या कोपरांना विचारा.

खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाईंनी फाइल काढली आणि त्या ओठ दाबून हसल्या.

"काकू, हे वाचलंत का? 'जिना चढता येतो का?' तर उत्तर काय, 'चारही मजले, एका दमात, खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन.' 'वजन किती उचलता?' तर 'तुम्ही सांगाल तितकं.' अशा माणसाला भत्ता द्यायचा की पदक?"

"पदक मी देते घरी गेल्यावर," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला एवढंच सांगा, हे लवकर व्हायला काय लागेल? मी रडायला आलेले नाही, कामाला आलेय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. असं त्यांना रोज कुणी विचारत नसावं.

"उत्तरं खरी लिहून आणा. डॉक्टरांचं पत्र आणा, पण नुसतं 'कंबर दुखते' नको. काय जमत नाही आणि किती जमत नाही, ते हवं. आणि घाई कशासाठी, त्याचा कागद. मग मी तातडीच्या गठ्ठ्यात घालते."

घरी काकूंनी फॉर्म काकांपुढे आपटला.

"अहो, गोणी कुठली? दूध उतू जायला लागलं तरी तुम्हाला उठता येत नाही!"

"मग काय भिकाऱ्यासारखं लिहू? हे येत नाही, ते येत नाही?"

काका भिंतीकडे तोंड करून बसले. काकू त्यांना ओळखून होत्या. चाळीस वर्षांचा संसार होता. हा माणूस तोंडाने वाट्टेल ते बोलेल, पण मापात कधी खोटं बोलला नव्हता. एकदा स्वतःचीच भिंत बोटभर ओळंब्याबाहेर गेली, तर कुणी न सांगता त्याने ती पाडली होती.

काकूंनी कामाची जुनी वही काढली, टेप काढला, पेन्सिल काकांच्या कानावर खोचली. "कुणाला काही सांगू नका. नुसतं माप घ्या."

"कशाचं?"

"तुमचं."

आठ दिवस काका मोजत होते. हात, खांद्याच्या खाली एक वीत अडकतो. मोजा घालायला सहा मिनिटं, एकच पाय. जिना, सात पायऱ्या उतरलो, परत चढायला अकरा मिनिटं, दोनदा बसलो.

आठव्या दिवशी वही मांडीवर ठेवून त्यांनी सगळी मापं पहिल्यापासून वाचली.

"एवढाच उरलो का गं मी?"

"माप तरी बरोबर आहे ना?"

"बरोबर म्हणजे? सुताभराचा फरक निघाला तर नाव बदलेन!"

डॉक्टरांनी वही बघून, स्वतः तपासून तसंच पत्र लिहिलं. मालकीणबाईंनी खोलीचा कागद दिला. अठरा तारखेला चष्मेवाल्या बाईंनी फाइलवर लाल चिठ्ठी लावली. "आता तपासणीचा फोन येईल. काका स्वतः बोलतील. सांभाळा."

तेवीस तारखेला फोन आला. स्पीकरवर अधिकाऱ्यांनी विचारलं, "जिना चढता येतो का?"

काकांची छाती फुगायला लागली. ती फुगली की मागून गोण्या निघतात, हे काकूंना पाठ होतं. त्यांनी फोन हिसकावला नाही. वही उघडून मांडीवर ठेवली.

छाती हळूहळू खाली बसली.

"लिहून घ्या साहेब. सात पायऱ्या. अकरा मिनिटं. दोनदा बसून."

"इतकं नेमकं कुणी सांगत नाही हो."

"मी गवंडी आहे," काका म्हणाले.

अठ्ठावीसला मंजुरीपत्र आलं. तीसला सामान हलवणाऱ्या दोघांनी काकांना खुर्चीसकट खाली आणलं. संध्याकाळी काका शेजाऱ्यांना सांगत होते, "चारही मजले, एका दमात उतरलो!" दम कुणाचा, ते सांगितलं नाही. काकूंनीही सांगितलं नाही.

मग काठी टेकत ते एकटेच दारापर्यंत गेले, बाहेर रस्त्यावर उभे राहिले, आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं, "उंबरा, दोन इंच. ओलांडला."