पडद्यावर उगवलेली मावशी

संगणकाच्या प्रात्यक्षिकात भिंगरी एकदा गचकली होती. आता पुन्हा गचकली तर शाळा सोडल्याचा दाखला अडकणार होता. म्हणून तिने विषय जपून निवडला: ऑनलाइन फसवणूक कशी ओळखावी. लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून तिने बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

लॅपटॉपवर घरच्या ग्रुपचे मेसेज उघडेच राहिलेत, हे ती साफ विसरली होती.

"कोणीही कितीही गोड बोललं, तरी कोड..." एवढं ती म्हणतेय तोच पडद्याच्या कोपऱ्यात आजोबा उगवले. 'माझा डावा मोजा कुणी पाहिला का?'

वर्गात खसखस पिकली. तिच्या घरची रीतच ती. मीठ संपो, मोजा हरवो, आधी ग्रुपवर विचारायचं.

'सोफ्याखाली बघा,' काका.

'गप्प बसा, पोरीची परीक्षा चाललीय,' मामा.

'मग तू कशाला बोलतोस?' काका.

संगणकाच्या सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी पेन उचललं. भिंगरीने घाईघाईने ग्रुप बंद करायला माउस सरकवला, आणि मावशी अवतरली. 'पार्सलवाला फोनवर आहे. मला एक कोड आलाय, तो मागतोय. देऊ का?'

भिंगरीचं बोट जागीच थबकलं. मेसेजची खिडकी बंद केली असती तर परीक्षा सावरली असती.

'नको!!!' तिने टाइप केलं.

'अगं, पण फार चांगला बोलतोय. मला ताई म्हणतो.'

"बाई, मी जरा फोन करू?" असं म्हणेपर्यंत तिने लॅपटॉपवरून कॉल लावलासुद्धा. सगळ्या वर्गात मावशीचा आवाज घुमला.

"पटकन बोल, त्याला थांबवून ठेवलंय."

"मावशी, तू काही मागवलंयस?"

"नाही बुवा."

"मग पार्सल कसलं?"

"मला वाटलं, कुणीतरी भेट पाठवली असेल!"

"कोड द्यायचा नाही. त्याचा फोन बंद कर आणि नंबर ब्लॉक कर."

"असा एकदम? बरं दिसेल का ते? निदान 'येते हं' तरी म्हणू?"

"बंद करा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. सरही.

"केला, केला! पण एवढी माणसं कुठून आली गं?"

हसू आवरून बाईंनी चष्मा पुसला. "मेसेज बंद न करता स्क्रीन दाखवलीस. त्याचे गुण कापले."

"हो बाई." भिंगरीचा आवाज पार खाली गेला.

"बाकीचे सगळे दिले. पास."

भिंगरीने जागच्या जागी अशी गिरकी घेतली की लॅपटॉपची वायर तिच्या पायात गुंडाळली गेली. बाकं वाजू लागली. त्या गोंधळात पडद्यावर आजोबांचा मेसेज आला, आणि या वेळी सगळ्यात आधी बाईच खुदकन हसल्या.

'मोजा सापडला. दोन्ही एकाच पायात होते.'