हाळीला ओ

प्रांजली चौथीत आहे आणि एका सिनेमातही आहे. सिनेमात ती चाळीस सेकंद दिसते. माळावर धुकं उतरलेलं असतं, मेंढरं कुठंतरी पांगलेली असतात आणि एक पोरगी दगडावर चढून त्यांना हाळी देते. एवढंच तिचं काम. तिचं नाव अगदी शेवटी येतं, तेव्हा लोक अंधारात पायानं चपला शोधत असतात.

मुकुंदवाडीत ती आमच्या शेजारच्या गल्लीत राहते. तिचे वडील शिवशंकर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी ओट्यावर पाच-सात पोरं जमवून गणितं सोडवून घेतो, त्यात ती असते. सतराच्या पाढ्याला अजून अडखळते. हाळी मात्र तिला पक्की येते, कारण ती तिला आजीनं शिकवली आहे.

आजी म्हणजे कस्तुराबाई. फुलंब्रीच्या पुढं त्यांचं गाव. दिवाळी झाली की त्या मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं चराईला निघतात, ते पार पावसाळ्याच्या तोंडावर परततात. प्रत्येक घराची हाळी निराळी असते आणि मेंढरं आपल्या घरची हाळी बरोबर ओळखतात, हे मला प्रांजलीनंच सांगितलं. आणखी एक नियमही सांगितला. आपल्या माणसाची हाळी कानावर आली की लांबून का होईना, ओ द्यायची. त्याशिवाय हाळी देणाऱ्याला कळत नाही, आपला आवाज पोहोचला की नाही.

शूटिंग झालं तेव्हा कस्तुराबाई मेंढरांमागं दूर होत्या. म्हणजे सिनेमातली हाळी जगानं ऐकली, पण जिनं शिकवली तिनं ऐकली नव्हती. आता सिनेमा लागून आठवडा होत आला होता. गुरुवार शेवटचा दिवस, आणि शुक्रवारी पहाटे मेंढरं निघणार.

"आजी बरोबर आहे म्हणाली तरच हाळी बरोबर," प्रांजली मला म्हणाली होती. "दिग्दर्शक काका तर सगळ्यालाच छान म्हणतात."

गुरुवारी दुपारच्या पहिल्या खेळाला गावाकडून टेम्पो भरून माणसं आली. बावीस जण. मेंढरांपाशी दोघं थांबली होती, ती सोडून सगळी. मलाही आग्रहानं नेलं. जालना रोडवरच्या मॉलच्या दारात पहारेकऱ्यानं भाकरीची गाठोडी काढून घेतली, तेव्हा साळूबाईंनी त्याला विचारलं, "लेकरा, तू जेवलास का?" आणि एक भाकर त्याच्या हातावर ठेवूनच त्या आत गेल्या. साळूबाई म्हणजे कस्तुराबाईंच्या शेजारीण. आवाज असा की मोठ्या घंटेनं लाजावं.

या मंडळींचं सिनेमा बघणं गावच्या जत्रेतलं. मैदानात पडदा लावतात, निम्म्यांना दिसत नाही, म्हणून पुढचा मागच्याला सांगत राहतो. ती सवय इथं थंडगार हॉलमध्ये, मऊ खुर्चीतही सुटली नाही.

"दार उघडतोय बघ!"

"उघडू दे, आत कोणी नाय."

"अगं बाई, दार लाव! तो आला!" साळूबाई पडद्यावरच्या सुनेला ओरडून सांगत होत्या. सुनेनं काही ऐकलं नाही, तेव्हा त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बहिरीच हाय की ही, गुरुजी."

प्रांजलीचा चुलतभाऊ सांडू दर गाण्याला शिट्टी मारत होता. पुढच्या रांगेतली दोन कॉलेजची मुलं मागं वळून बघत होती, पण तीही मधूनमधून मोबाईलच्या उजेडात हसत होती. मी मनात म्हटलं, लोक आनंदात आहेत, असू देत.

मध्यंतरानंतर पडद्यावर धुकं उतरलं. आमच्या रांगांत एकच गलका उडाला.

"आली, आली!"

"कुठं?"

"अरे दगडावर! लाल घागऱ्यात!"

"आपली परांजली!"

सांडूनं शिट्टी मारली, दहा-बारा मोबाईल वर झाले. कस्तुराबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांवर कडाडल्या, "गप बसा रं मुडद्यांनो! ऐकू द्या!" आणि मी? मी छत्तीस वर्षं शाळेत काढलेली. पोरं गलका करतात म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो आणि तोंडातून शब्द सुटतो. तो सुटला. खणखणीत, लांबलचक: "शांऽऽतता!"

हॉल खरंच शांत झाला. पण तोवर पडद्यावर धुकं विरून बाजारातला देखावा सुरू झाला होता.

प्रांजलीनं हळूच विचारलं, "आजी, ऐकलीस?"

कस्तुराबाईंना खोटं बोलता येत नाही. "नाय गं माय. तुझं तोंड उघडलेलं दिसलं. वरून माझाच आवाज आला, अन् तुझ्या गुरुजींचा."

प्रांजली रडली नाही. फक्त खुर्चीत जरा खाली सरकली. पोरं रडत नाहीत तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

बाहेर आलो. पार्किंगच्या कडेला लिंबाचं झाड होतं, तिथं सतरंजी टाकून भाकरी, ठेचा आणि कांदा निघाला. पण कोणी धड जेवेना. सांडू म्हणाला, "त्यात काय एवढं? परांजले, इथंच दे की हाळी. आजी ऐकंल."

"पार्किंगमधी हाळी देती का कोणी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "पुढं मेंढरू नाय, डोंगर नाय. गाड्यांना हाळी द्यायची व्हय?"

"मग सिनेमा मोबाईलमधी मिळंल कधीतरी."

"मोबाईलमधल्या आवाजाला माझं मेंढरू बी फसत नाय. मी कशी फसंन?"

शिवशंकर म्हणाला, "सव्वातीनचा खेळ हाय अजून. शेवटचा. मी तिकिटं काढतो. पण पुन्हा असंच व्हायचं असंल, तर नको."

साळूबाई कधी नव्हे ते मान खाली घालून भाकरी मोडत होत्या. "आमाला कळत नाय का गप बसायचं?" त्या पुटपुटल्या. "पण ते तोंडातून आपोआपच जातं."

हे माझ्या ओळखीचं दुखणं होतं. पहिलीच्या वर्गाला 'गप बसा' म्हटलं तर कधीच कोणी गप बसत नाही. गप बसणं हे काही काम नव्हे, त्यात करायला काहीच नसतं. ऐकणं हे मात्र काम आहे. मी म्हटलं, "आपण एक खेळ खेळू. डोळे मिटायचे. मी टाळी वाजवली की सुरू, पुन्हा वाजवली की बंद. मधल्या वेळात कानावर किती आवाज आले ते बोटांवर मोजायचं. ज्याचे जास्त, त्याला माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू."

"म्हाताऱ्यांनी बी खेळायचं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"म्हाताऱ्यांनी तर खेळायचंच. मी पण खेळतो."

टाळी वाजली. बावीस माणसं लिंबाखाली डोळे मिटून बसली. पहारेकरी लांबून बघत होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे. मी दोन मिनिटांनी टाळी वाजवली.

"चार," सांडू म्हणाला. "रिक्षा, हॉर्न, विमान, अन् साळूकाकूचं पोट."

"माझं न्हाय ते! तुझंच!"

शिवशंकरचे सहा झाले. साळूबाईंचे सात, त्यांनी लिफ्टची घंटीसुद्धा पकडली होती. प्रांजलीचे नऊ. कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "तेरा." आणि मोजून दाखवले. झाडावरचा सरडा, पहारेकऱ्याच्या बुटाचा सुटलेला तळ, कुठंतरी नळ गळतोय तो. आम्ही उठून बघितलं. नळ खरंच गळत होता, भिंतीच्या पलीकडं. सांडू पळत गेला आणि बंद करून आला.

खेळ आणखी चार वेळा झाला. शेवटी तर मी टाळी वाजवायचं विसरलो, तरी कोणी हललं नाही. लाडू कस्तुराबाईंनी जिंकला आणि निम्मा पहारेकऱ्याला, निम्मा नातीला दिला.

सव्वातीनच्या खेळाला आमची मंडळी अशी बसली, जणू परीक्षेला. साळूबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. पडद्यावरच्या सुनेनं पुन्हा दार उघडं ठेवलं, तेव्हा त्यांच्या घशातून बारीक कण्हणं आलं, पण शब्द नाही.

गप्प बसल्यावर आम्हाला पहिल्यांदा कळलं, बाकीचे लोक किती बोलतात. दोन रांगा पुढं बद्रीनाथ नावाचे एक गृहस्थ होते. नाव कळलं, कारण फोनवर तेच दर वेळी सांगत होते, "हां, बद्रीनाथ बोलतोय." अर्ध्या तासात हॉलभर सगळ्यांना माहीत झालं की त्यांच्या मुलीचं लग्न रविवारी आहे, हळद शनिवारी, आणि आचारी वांग्याच्या भाजीत बटाटा घालायचं म्हणतोय ते त्यांना मुळीच मान्य नाही.

"बोलू का त्याला?" सांडूनं कानात विचारलं. बाह्या सरसावलेल्या होत्या.

"थांब," मी म्हटलं.

मध्यंतर झालं, दिवे लागले. मी काही करायच्या आत प्रांजली उठली. ती सरळ बद्रीनाथांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आता सुरू झालं ना, की थोड्या वेळानं धुकं येतं. त्यात मी येते. चाळीस सेकंद. तेवढंच बोलू नका. माझ्या आजीनं अजून ऐकलेलं नाही, आणि ती उद्या पहाटे मेंढरांबरोबर जाणार."

बद्रीनाथांनी कानावरचा फोन खाली घेतला. "तू? सिनेमात?"

"हो. लाल घागरा."

"आणि आजी कुठंय?"

कस्तुराबाईंनी मागून हात वर केला. बद्रीनाथांनी दोन्ही हात जोडले. "आपण नंतर बोलू," फोनवरच्या माणसाला ते म्हणाले. "नाही, बटाटा नाहीच. ठेवतो."

मग प्रांजली प्रत्येक रांगेत गेली. कॉलेजच्या एका टोळक्याकडं, लाह्यांचा कागद कुरकुरवणाऱ्या बाईंकडं, मागं झोपलेल्या आजोबांकडंसुद्धा. त्यांना उठवून सांगितलं की झोपा, पण घोरू नका. वर्गात फळ्याजवळ यायला लाजणारी पोर ती. शेवटी ती माझ्यापाशी येऊन बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आजी.

"गुरुजी, तुम्ही पण," ती म्हणाली.

"मी पण काय?"

"शांतता म्हणायचं नाही."

दिवे मालवले. शेत गेलं, विहीर गेली, सुनेचं भांडण गेलं. मग माळावर धुकं उतरलं, आणि प्रांजलीनं कसलीही जोखीम न घेता आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला लाडवाचा वास होता.

हॉलमध्ये कोणी लाह्यांच्या कागदालाही हात लावला नाही. लाल घागऱ्यातली पोर दगडावर चढली, तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"हेऽऽ हुर्रऽऽ योऽऽ!"

आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. धुक्यात काहीच हललं नाही. पडद्यावरची प्रांजली वाट बघत उभी राहिली. खुर्चीतल्या प्रांजलीचा हात माझ्या तोंडावर गच्च आवळला. त्या दोन-तीन क्षणांत सबंध हॉल तिच्याबरोबर वाट बघत होता.

आणि प्रांजलीच्या पलीकडून, अंधारातून, छाती भरून आवाज उठला.

"ओऽऽऽऽ!"

कस्तुराबाई उभ्या होत्या. मान वर, हात तोंडाशी, अगदी पडद्यावरच्या पोरीसारख्या. त्या कोणाला दाखवायला उभ्या नव्हत्या, की गंमतही करत नव्हत्या. घरच्या पोरीनं माळावरून हाळी दिली होती, मग ओ द्यायला नको? त्याच क्षणी धुक्यातून पहिलं मेंढरू बाहेर आलं, मग दुसरं, मग कळपच्या कळप.

एका क्षणापुरतं कोणालाच कळलं नाही, की ती ओ सिनेमातलीच होती की हॉलमधली. मग बद्रीनाथांनी टाळी वाजवली आणि सबंध हॉल टाळ्या वाजवू लागला. सांडूनं शिट्टी मारली, ती या वेळी कोणीच अडवली नाही. साळूबाईंनी तोंडातला पदर काढला आणि पोटभर ओरडून घेतलं. मागचे आजोबा जागे होऊन विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि पुढचे मागच्यांना सांगत होते.

या वेळी बाजाराचा देखावा आम्हाला ऐकू आला नाही. पण तो कोणाला ऐकायचा होता?

"आजी," प्रांजलीनं विचारलं, "बरोबर होती?"

कस्तुराबाई खाली बसल्या, पदर सारखा केला, विचार केला. "बरोबर हाय. आपल्याच घरची हाय. पण शेवटचा 'यो' जरा आखूड सोडलास. लांबचं मेंढरू यायचं न्हाय त्याच्यानं."

"किती लांबवू?"

"श्वास संपंस्तोवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, दावते."

प्रांजलीनं मान डोलावली. इतका आनंदी चेहरा करून चूक ऐकून घेणारा विद्यार्थी मला फार कमी वेळा मिळाला आहे.

बाहेर आल्यावर बद्रीनाथांनी बावीसच्या बावीस जणांना रविवारच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "आमी तवा गोदेच्या वाटंला असणार. पण वांग्यात बटाटा घालू नका, तुमचं खरं हाय."

टेम्पो निघायच्या आधी प्रांजलीनं माझा हात ओढला. "गुरुजी, धुक्याच्या वेळी किती आवाज ऐकले?"

"दोन," मी म्हटलं. "एक हाळी आणि एक ओ."

"चूक! तीन," ती म्हणाली. "बद्रीनाथकाकांचा फोन थरथरत होता. ते त्याच्यावर बसले होते."

"अरेच्चा!" बद्रीनाथ गाडीचं दार उघडता उघडता थांबले. "मला वाटलं, कोणाला कळलं नसेल!"

लाडू संपला होता, म्हणून मी तिच्याकडं एका लाडवाची उद्यापर्यंतची उधारी मागितली.