अक्काच्या पाठीमागचे तीन काटे

दोन दारांच्या गाडीत माणूस मागे बसतो तो आपल्या मर्जीनं, पण बाहेर येतो तो पुढच्याच्या मर्जीनं. पुढचा उतरणार, आपली सीट पुढे पाडणार, तेव्हा कुठे मागच्याला पाय काढायला फट मिळणार. आणि पुढे माझी थोरली बहीण सकवारबाई बसलेली असेल, तर ती फट मिळेल अशी आशाही धरू नये. नातवापासून दूधवाल्यापर्यंत बंगळुरातलं सगळं जयनगर तिला अक्का म्हणतं. मीही म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची माझी कधी टाप नव्हती.

गाडी अक्काचीच. पिस्त्याच्या रंगाची, म्हणून नावही पिस्ता. भावोजींनी घेतली तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या आणि अगरच्या तळ्यातलं पाणी लोक पीत होते. गेलं वर्ष सोडलं, तर आमच्या गोतातली एकही नवरी पिस्ताशिवाय सासरी गेलेली नाही. आणि नेम असा, की नवरी आत असताना इंजिन बंद पडता कामा नये. बंद पडलं तर नवरीला परत मांडवात नेऊन पुन्हा ओवाळायचं, पुन्हा निघायचं. हा नेम आमचे पूर्वज घोड्यावर बसून बंगळुरात आले तेव्हापासूनचा आहे. घोड्याला इंजिन कुठे असतं, असं विचारणारा एखादा निघतोच. त्याला मी घोडा काय असतो ते समजावतो.

गेल्या वर्षी आमच्या रक्षिताच्या वरातीत पिस्ता सिल्क बोर्डच्या चौकात उकळली. बॉनेटमधून अशी वाफ आली, की शेजारच्या बसमधल्या लोकांनी इडल्या झाल्या समजून डबे पुढे केले. नवरी शेवटी भाड्याच्या गाडीनं गेली. अक्का घरी आली आणि दिवाणावर बसून तिनं निकाल दिला. कनकपुरा रोडवर एक रिसॉर्टवाला आहे, त्याला पिस्ता हिरवळीवर ठेवून, सीटमध्ये माती भरून बोगनवेल लावायची होती.

"पुन्हा एकदा नवरीसकट बंद पडली, की पिस्ता त्याला दिली," अक्का म्हणाली. "आणि दुरुस्तीच्या नावाखाली आतल्या एका वस्तूला जरी धक्का लावलात, तरी दिली. सरी?"

"सरी," शंभू म्हणाला. आमच्याकडे कानडी 'सरी' म्हटलं की विषय संपतो.

शंभू म्हणजे शंभूराज, अक्काचा नातू; घरात ऐकून मला मामाच म्हणतो. जे. पी. नगरच्या एका कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि सुटीच्या दिवशी पिस्ताच्या खाली झोपतो. अक्कानंतर गाडी त्यालाच मिळायची होती. बोगनवेलीचं ऐकल्यापासून पोराचं जेवण सुटलं. त्यात आमच्या भव्याचं लग्न ठरलं, ते बेळ्ळंदूरला. जयनगरातून नवरी बेळ्ळंदूरला न्यायची, भरदुपारी, आउटर रिंग रोडनं, आणि इंजिन बंद पडू द्यायचं नाही. यापेक्षा नवरीला काशीला नेणं सोपं.

"रेडिएटर नवा टाकलाय," शंभू मला म्हणाला. अक्का देवळात गेली होती आणि आम्ही दोघं गॅरेजमध्ये. "तरी जाममध्ये तापणारच. पण तापतंय हे मला आधी कळलं, तर न्यूट्रलला टाकून स्वल्प रेस देता येते, पंखा जोरात फिरतो, पाणी खेळतं. कळायलाच काही नाही, मामा. डॅशबोर्डवर वेगाचा काटा आणि पेट्रोलचा काटा, संपलं."

"मग बसव की काटे."

"भोकं पाडावी लागतात."

"मग राहू दे. तुझी आजी ती तुझ्या डोक्यात पाडेल."

तो सागवानी डॅशबोर्ड अक्का स्वतः खोबरेल लावून पुसते. त्यावरचा एकेक स्क्रू ती गोतातल्या पोरांसारखा ओळखते. राखदाणीत तिची सुपारी, डॅशबोर्डच्या खणात कुंकू आणि कापूर, डॅशबोर्डच्या खाली तिचे गुडघे. आम्ही दोघं गाडीभर नजर फिरवत बसलो. अक्काला दिसणार नाही अशी एकच जागा सापडली. तिची स्वतःची पाठ.

शंभूनं जुन्या पाटाची एक फळी घेतली. तीत तीन काटे बसवले, पाण्याच्या उष्णतेचा, तेलाच्या दाबाचा आणि बॅटरीचा. ती फळी त्यानं कातडी पट्ट्यांनी अक्काच्या सीटच्या मागच्या सांगाड्याला बांधली. वर विणलेल्या कव्हराची झालर सोडली, की काही नाहीच. तारा इंजिनाकडून आत आल्या त्यासुद्धा जुन्या वायरींच्या भोकातून, त्याच रबराच्या कड्यातून, आणि गालिच्याखालून सरकत मागे गेल्या. ना भोक, ना स्क्रू, ना ओरखडा. उद्या काढलं असतं तर गाडीला आठवणही राहिली नसती.

"झकास," मी म्हणालो. "पण तू पुढे, काटे मागे. वाचणार कोण?"

शंभू माझ्याकडे बघून हसला. तेव्हाच मला उठून घरी जायला हवं होतं.

वरातीत फोन चालत नाही. सगळ्यांचे फोन अक्काच्या पिशवीत जातात, नवऱ्याचाही. आणि अक्काच्या मानेमागून 'शंभू, ब्याण्णव झालं' असं ओरडणं म्हणजे पिस्ता स्वतःच्या हातानं रिसॉर्टवर पोचवणं. म्हणून आम्ही ठरवलं, की मी गोष्ट सांगायची. माझ्या गोष्टी सगळे ऐकतात आणि कुणी मनावर घेत नाही, हा माझा आयुष्यभराचा फायदा. हत्ती म्हणजे पाण्याची उष्णता, माहूत म्हणजे तेलाचा दाब, उसाच्या गाड्या म्हणजे बॅटरी. शंभर हत्तींपर्यंत ठीक. एकशेपाचला इंजिन बंद करायचं, नाहीतर ते कायमचं गेलं.

लग्न लागलं. पुढे शंभू आणि अक्का, मांडीवर तांदळाचा कलश. मागे खिडकीशी नवरी भव्या, दुसऱ्या खिडकीशी नवरा प्रणीत, आणि मधे मी. प्रणीत पुण्याचा, नोकरीला बेळ्ळंदूरला, सहा फूट उंच. त्याचे गुडघे त्याच्या कानांशी आणि भव्याच्या शालूचा घोळ माझ्या नाकाशी. दार लागलं आणि माझ्या लक्षात आलं, की आता बेळ्ळंदूर येईपर्यंत मला खाजवतासुद्धा येणार नाही.

मी पायाच्या अंगठ्यानं झालर जरा वर केली.

"तुम्हाला माझ्या पणज्याच्या पणज्याची गोष्ट सांगितली का?" मी नवरदेवाला विचारलं. "तो फौजेत हत्तींवर मुकादम होता. याच वाटेनं चालला होता तळ्यावर. बरोबर ब्याऐंशी हत्ती."

"एटी टू? एका वेळी?" प्रणीत म्हणाला.

"ब्याऐंशी. चाळीस माहूत. तेरा गाड्या ऊस."

"मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा आठच हत्ती होते," अक्का पुढून म्हणाली.

"ती दुसरी फेरी, अक्का."

सिल्क बोर्डला आम्ही थांबलो आणि थांबूनच राहिलो. पुढे टेंपो, मागे बस, डावीकडे पाण्याचा टँकर, उजवीकडे रिक्षा. मोटरसायकलवाला आरसा दुमडून बाजूनं गेला. बाहेरून धूर येतो म्हणून अक्कानं काचा वर करायला लावल्या होत्या. माझ्या पुढ्यात काटा अंगावर सुरवंट चढावा तसा चढत होता.

"वाटेत आणखी हत्ती येऊन मिळाले," मी म्हणालो. "नव्वद झाले."

शंभूनं न्यूट्रलला टाकून रेस दिली.

"ऊन फार. माहूत कंटाळून पळायला लागले. वीसच उरले. आणि हत्ती मात्र शहाण्णव."

"माहूत पळाले तर हत्ती वाढले कसे?" प्रणीत म्हणाला. इंजिनियर माणूस.

"तुम्ही ऐका हो नुसतं," भव्या त्याला म्हणाली. तिला शंभूनं आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून सुतळी झाला होता.

मग देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, टेंपो हलला. अगरच्या तळ्याशी रस्ता मोकळा झाला, पिस्ता धावली, पुढून इंजिनात वारा गेला. काटा खाली यायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"तळं दिसलं," मी सांगितलं. "चार हत्ती पाण्यात गेले. उरले ब्याण्णव. आणखी दोन गेले. नव्वद. सत्त्याऐंशी."

शंभूनं शीळ घातली. अक्कानं मान वळवून शंभूकडे पाहिलं. तेच मला खटकायला हवं होतं.

इब्बलूरपाशी सगळं पुन्हा गोठलं. या खेपेला माणसं गाड्यांतून उतरून चहा पीत होती, म्हणजे काय ते समजा. प्रणीतची इमारत समोर दिसत होती, चौदाव्या मजल्यावर त्याच्या घरच्यांनी लावलेलं तोरणसुद्धा. चालत गेलं असतं तर पोचलो असतो. पण आम्ही पाचही जण त्या पिस्त्याच्या सालात अडकलेलो, आणि आतला दाणा फुगत होता.

"हत्ती परत आले," मी म्हणालो. "चौऱ्याण्णव."

शंभूनं रेस दिली.

"अठ्ठ्याण्णव, शंभू."

"ऐकतोय, मामा."

"शंभर. माहूत दहा."

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "अण्णा, होगे," तो शंभूला म्हणाला. होगे म्हणजे धूर. बॉनेटच्या कडेनं एक बारीक पांढरा धागा वर चालला होता. बंद केलं तर बोगनवेल, न करावं तर इंजिनाची राख. शंभूचा हात किल्लीवर जाऊन बसला आणि तिथेच राहिला.

"एकशेतीन," मी म्हणालो. "एकशेचार हत्ती, बाळा."

"शंभू," अक्का म्हणाली. मान न वळवता. "एकशेपाचला काय होतं?"

गाडीत कुणी श्वास घेतला नाही. तशी जागाही नव्हती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"खंडू, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तुझ्या थापा ऐकतेय. तुझ्या गोष्टीतला मासा मोठा होतो, नारळ वाढतात, सासऱ्याची जमीन वाढते. माहूत पळाले, मान्य. माणसं पळतातच. पण अगरला तुझे हत्ती कमी झाले. तुझं काहीही कधी कमी झालेलं मी पाहिलं नाही. शिवाय हत्ती वाढला की हा पोरगा रेस देतो. माझ्या पाठीमागे काय लावलंय?"

"काटे," शंभू कसाबसा म्हणाला. "भोक नाही पाडलं, अक्का."

"ते मी बघेन. आधी एकशेपाचचं सांग."

"इंजिन जळेल. बंद करायला हवं. पण नेम..."

नेम अक्कानंच सांभाळलेला, आणि आता तोच तिच्या मांडीवर कलशासारखा बसला होता. ती तो खालीही ठेवू शकत नव्हती आणि वरही धरू शकत नव्हती. मला आयुष्यात पहिल्यांदा ती मागच्या सीटवर बसल्यासारखी वाटली.

"अक्का," भव्या हळूच म्हणाली, "नेम काय आहे? नवरी आत असताना बंद पडू नये, एवढाच ना?"

"एवढाच."

"मग नवरी आत नसली तर?"

अक्कानं समोरच्या तोरणाकडे बघितलं. मग बॉनेटच्या त्या धाग्याकडे. मग तिनं कलश शंभूच्या हातात दिला, दार उघडलं आणि भर रिंग रोडवर उतरली. मागच्या एका टँकरवाल्यानं हॉर्न दिला. अक्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं तो परत घेतला.

सीट पुढे पडली. भव्या शालू सावरत उतरली. तिचा दुसरा पाय जमिनीला लागला आणि अक्का म्हणाली, "आता." शंभूनं किल्ली फिरवली. पिस्ता एकदा खोकली आणि गप्प झाली. प्रणीत घडी उलगडावी तसा बाहेर आला.

अक्का वाकली. झालर उचलून तिनं फळी पाहिली, पट्टे ओढून पाहिले, सीटच्या सांगाड्यावरून बोट फिरवलं, गालिचा उचलून तारा कुठून आल्यात ते पाहिलं.

"स्क्रू?"

"एकही नाही," शंभू म्हणाला.

"हं." तिनं झालर पुन्हा नीट सोडली. "मग हे गाडीचं नाही. हे सामान आहे."

"म्हणजे बोगनवेल...?"

"बोगनवेलीला मी कुंडी आणून देईन. गाडी तुझी. पण हे सामान काढायचं नाही, अजून आपल्या श्यामलाचं लग्न व्हायचंय."

"आंटी," प्रणीत म्हणाला, "हा सेन्सर ब्लूटूथचा मिळतो. फोनवर दिसलं असतं."

"फोन माझ्या पिशवीत आहे," अक्का म्हणाली. "चला."

मी एव्हाना एक पाय दाराबाहेर काढला होता. अक्कानं तो चपलेसकट उचलला आणि परत आत ठेवला.

"तू कुठे निघालास?"

"चालायला. पाय मोकळे करायला."

"काटे वाचणार कोण मग? इंजिन थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढं मलाही कळतं. तूही सामानच आहेस, खंडू. सामान गाडीतच राहतं." तिनं सीट मागे ढकलली आणि दार लावलं. ते दार ज्या आवाजात लागतं, तो तुरुंगाच्या दारांनी येऊन शिकावा.

शंभूनं कलश अक्काकडे दिला आणि पाण्याचा कॅन घेऊन बॉनेटपाशी उभा राहिला. पुढे अडकलेल्या गाड्यांच्या फटीतून वरात निघाली. अक्का मधे, कलश घेऊन, एका बाजूला शालू, दुसऱ्या बाजूला सहा फूट. चहा पिणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते. त्या रिंग रोडवर तेवढेच तिघं हलत होते.

"किती, मामा?" शंभूनं काचेवर टकटक केलं.

माझ्या गुडघ्यावर अक्काची सीट, नाकासमोर तीन काटे. खरं सांगतो, एकशेवीस म्हणावंसं वाटलं, सवयीनं. पण पोरगं झाकणावर फडकं धरून उभं होतं.

"सत्त्याण्णव," मी म्हणालो. "जरा थांब."

खिडकीतून पलीकडे बेळ्ळंदूरचं तळं दिसत होतं. मी तिथेच बसून एकेक हत्ती त्या पाण्यात सोडू लागलो.