केराबाईचा पाय

केराबाई पायाळू होती. आईच्या पोटातून येताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, हे सांगोल्याकडच्या धनगरवाड्यांवर कुणाला शिकवावं लागत नाही. कमरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचं, त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यायचा आणि सरळ होऊन घरी जायचं. केरा चालायला लागली तेव्हापासून तिच्यापुढे माणसं पालथी पडत आली होती. पावसाळ्यात आभाळ गडगडलं की आई तिला घोंगडीखाली कोंबायची, कारण वीज म्हणे पायाळूला हुडकत येते. एवढं एक भय सोडलं, तर त्या पायांनी तिला मानच मिळवून दिला. एकदा तर गावचा पाटील ओसरीवर पालथा पडला होता आणि परकर नेसलेल्या या पोरीने त्याच्या कमरेवर पाय ठेवला होता.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि केराबाई नवऱ्याबरोबर सोलापूरला आली. नवरा गुंडा कापसाच्या गोदामात हमालीला लागला. केराबाईचा लौकिक बहुधा तिच्याही आधी शहरात पोचला असावा, कारण चाळीत चूल मांडते न मांडते तोच शेजारच्या तेलगू बाया, विड्या वळून वळून आखडलेल्या कमरा धरून तिच्या दारात उभ्या राहू लागल्या. ती न्हाऊन, उपाशीपोटी, ओला पाय लावायची. भार द्यायची नाही. तळवा टेकवायचा, जरासा दाबायचा, झालं. बहुतेकींना बरं वाटायचं. साधी उसण चार दिवसांत आपोआपही जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ते कशाला ऐकून घेतलं असतं?

मग एक दिवस गुंडाचीच कंबर गेली. ट्रकमधली रुईची गाठ पाठीवर घेताना वरच्या माणसाच्या हातातून ती निसटली, सगळा भार एका अंगावर आला आणि गुंडा वाकल्या जागी वाकलेलाच राहिला. त्याच्या टोळीतल्या शरणप्पाने त्याला हातगाडीवर घालून घरी आणलं. दुखणं कमरेत होतं, पण त्याहून जास्त डाव्या पायात होतं. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून करंगळीपर्यंत कळ जायची. शिंक आली तरी त्या आडदांड माणसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं.

चाळीतल्या सगळ्यांनी केराबाईच्या पायाकडे पाहिलं, आणि तिथेच गाडं अडलं. नवऱ्याला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळी न्यायचा, तिथे मुद्दाम पाय द्यायचा म्हणजे काय? केराबाईने नाही म्हटलं. गुंडाही नकोच म्हणाला. बायकोच्या पायाखाली पडायचं त्याच्या जिवावर आलं.

शरणप्पा मग त्याला तालमीतल्या ईश्वरप्पा वस्तादांकडे घेऊन गेला. केराबाई बरोबर होतीच. अर्ध्या सोलापुरातल्या पैलवानांचे आणि हमालांचे सांधे या वस्तादांनी बसवले होते. ते माणसाला कुशीवर घ्यायचे, गुडघा दुमडायचे, खांदा धरून एकच पीळ द्यायचे, आणि आत काहीतरी वाजून माणूस आपल्या पायांनी घरी जायचा. गुंडाला मात्र त्यांनी आधी उताणं निजवलं आणि त्याचा डावा पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलतात तोच गुंडा कळवळून ओरडला. मग त्याला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, तर डावा चवडा धरेना. वस्तादांनी हात काढून घेतला.

"ही उसण न्हाय," ते म्हणाले. "मणक्यातली गादी सरकलीया. दुखणं कमरंत हाय तवर माजा हात चालतो. पायात उतरलं की माजं काम न्हाय. मोठ्या दवाखान्यात न्ये."

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते, तिची खोळ फाटून आतला गर बाहेर आलाय आणि तो पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाबतोय, असं त्यांनी नीट समजावलं. फळीवर पडून राहिलं तर बऱ्याचदा तो गर आपोआप आक्रसतो, म्हणाले. कुणाकडून चोळून घ्यायचं नाही, तुडवून घ्यायचं नाही. इथपर्यंत केराबाईने ऐकलं, आणि तुडवून हा शब्द तिला झोंबला. आपल्या पायाची हकीगत याला कुणीतरी सांगितलीय आणि हा आपल्याला टोमणा मारतोय, असं तिने मनात धरलं. पुढे ते आणखी काहीतरी सांगत होते. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी या, म्हणत होते. ते तिच्या कानावर पडलं, पण ती आत कुठेतरी त्यांच्याशी भांडत उभी होती.

गुंडा फळीवर पडला. लघवीसाठीसुद्धा बायकोने भांडं धरायचं, याची त्याला फार लाज वाटायची. तरी गुण येत होता. आधी करंगळीची कळ गेली, मग पोटरी सुटली. वस्ताद एकदा वाटेने जाताना डोकावले आणि म्हणाले, दुखणं खालनं वर चाललंय, आता सोडू नका, पडून राहा. माणसाने यापेक्षा जास्त काय ऐकायचं असतं?

पण टोळीने गुंडाच्या जागी दुसरा गडी घेतल्याची बातमी आली, आणि तो गप्प गप्प राहू लागला. केराबाईचं दुखणं निराळंच होतं. एका सकाळी एक विडीवाली कंबर धरून दारापर्यंत आली, आत फळीवर पडलेल्या गुंडाकडे तिने पाहिलं आणि तशीच मागे फिरली. जाता जाता दुसरीला म्हणाली, घरच्या माणसाला गुण येईना, आपल्याला कुठला येणार. केराबाईच्या काळजात ते शब्द रुतून बसले. दोन दिवस तिने भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या उशाशी बसली आणि तिनेच विषय काढला. हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. गुंडाने मागितलं नव्हतं, तिने देऊ केलं.

"म्या पाय लावू का?" ती म्हणाली.

गुंडाने फळीची कड धरून तिच्याकडे मान वळवली. "लाव," म्हणाला. "पाप मला लागू दे."

मंगळवारी सकाळी ती न्हाली. गुंडाला खाली घोंगडीवर पालथं केलं, मनातल्या मनात बिरोबाची माफी मागितली आणि ओला तळवा त्याच्या कमरेवर टेकवला. काही झालं नाही. तिने जरा दाबलं. तरी नाही. भार दे, गुंडा म्हणाला, तालमीत पोरं पाठीवर उभी राहतात तशी उभी राहा. परक्यांना नुसता पाय पुरतो, हा नवरा आहे, नात्यामुळे गुण अडून बसला असेल, असं तिलाही वाटलं. दाराच्या चौकटीला धरून ती दोन्ही पायांनी त्याच्यावर चढली.

आत काहीतरी वाजलं. ते तिला ऐकू आलं नाही, तळव्याला कळलं. गुंडा क्षणभर ताठ झाला आणि मग त्याने श्वास सोडला.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"दुखणं गेलं, केरा. कायबी न्हाय आता. पाय लई हलका झाला."

केराबाई खाली उतरली आणि रडत त्याच्या पावलांवर डोकं ठेवून तिने माफी मागितली. तिचं कपाळ टेकलं, आसवं पडली, तरी त्या पावलांनी हूं की चूं केलं नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. तिने चाळभर गूळ-खोबरं वाटलं. ती विडीवाली लाजत आली आणि पालथी पडली, आणि केराबाईने तिला मोठ्या मनाने पाय लावला. इतकी सुखी ती मेंढरं गेल्यापासून कधी झाली नव्हती.

गुंडा दिवसभर झोपला. कळ नाही म्हटल्यावर झोप येणारच. लघवी झाली नाही, तेव्हा पाणी कमी प्यायला असेल, असं तिला वाटलं. मांड्यांमध्ये मुंग्या आल्यात, जड वाटतंय, असं तो म्हणाला, तेव्हा रग उतरतेय, असं तिनेच त्याला समजावलं. दुसऱ्या दिवशी ओटीपोट तटतटलं आणि त्याला उठवून बसवलं तर पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून राहिले. तरीही तिने आणखी एक दिवस जाऊ दिला. दुखत नाही तो माणूस आजारी कसा, हे तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी शरणप्पा सहज म्हणून आला आणि गुंडाला पाहताच हातगाडी आणायला पळाला.

डॉक्टरांनी आधी रबरी नळी घालून लघवी काढली. मग गुंडाच्या मांड्यांना, कुल्ल्यांना टाचणी टोचून पाहिली. गुंडा छताकडे बघत होता. त्यांनी केराबाईला बाहेर बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून ती मान खाली घालून उभी होती, पण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोसलं असतं.

"बाई, गादीतला सगळा गर बाहेर आलाय," ते म्हणाले. "कमरेखालच्या सगळ्या शिरा त्याच्याखाली दबल्यात. कळ थांबली ती बरं झालं म्हणून नाही, शिरा मेल्या म्हणून. त्याच दिवशी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

त्यांनी ऑपरेशन केलं, गर काढला. शिरा काही जाग्या झाल्या नाहीत. महिने गेले. गुंडा कायमची नळी लावून घरी आला आणि फळीची जागा गादीने घेतली. केराबाई त्याला कुशीवर वळवायची, धुवायची, कुल्ल्यावरच्या जखमेला मलम लावायची. ती जखमही त्याला कळायची नाही, तिला वासावरून कळायची.

डॉक्टर बोलले ते गुंडाच्या कानावर कुणी घातलं नव्हतं. ते तिचं काम होतं, आणि तिच्याने होईना. त्यामुळे गुंडाने आपल्यापुरता न्याय करून टाकला होता. भेटायला येईल त्याला तो सांगायचा की माझ्या बायकोने मला बरं केलं होतं, कळ पार गेली होती, या डॉक्टरने सुरी लावली आणि माझे पाय घेतले. ज्या माणसाने सावध केलं होतं त्याला तो शिव्या घालायचा आणि जिने मोडलं तिचे गोडवे गायचा. केराबाई चुलीपुढे भाकरी थापत ते ऐकायची. भाकरी करपायची. तिला वाटायचं, धरणीने पोटात घ्यावं, पण धरणी कुणाला लगेच घेत नाही. कंबर धरून येणाऱ्या बायांना ती आता दारातूनच परत पाठवायची, आणि चाळ म्हणायची, केराबाईला गर्व झाला.

एका सकाळी ती न्हाऊन आली तेव्हा गुंडा तिच्याकडेच बघत होता. पुन्हा एकदा पाय लाव, म्हणाला. ती नको म्हणाली, हजारदा नको म्हणाली. त्याने हात जोडले. त्या माणसाने उभ्या जन्मात तिच्यापुढे हात जोडले नव्हते.

"ह्या खेपंला कमरंवर नगं," तो म्हणाला. "मांडीवर लाव. जीव तितनं गेलाय, तितनंच परत यील. तुज्या पायाचा गुण म्या बगितलाय की."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिने त्याला पालथं वळवलं, नळी बाजूला सरकवली, आणि ओला तळवा त्याच्या मांडीवर ठेवला. एके काळी गाठीखाली लाकडासारखी ताठ राहणारी ती मांडी आता पायाखाली सैल पडली होती. तिने भार दिला नाही. डोळे घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली, आणि गुंडा घोंगडीत तोंड खुपसून वाट बघत होता.

"लाव की, केरा," थोड्या वेळाने तो म्हणाला. "कवाची उभी हायीस?"

"लावते," केराबाई म्हणाली.