तीन नंबरच्या नळीचं पाणी

खैरपाड्याच्या घळीत बाजाराचा कचरा वीस वर्षं पडत होता. तो असा मुरला, की खालच्या ओहळातला खेकडा सरळ चालू लागला आणि तिथलं पाणी प्यायलेला कावळा ओरडायचं विसरला. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यालाच विचारा; तो काही बोलायचा नाही.

शेवटी कुणाला तरी जाग आली. कचऱ्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, वर माती, मातीवर गवत. पाड्याच्या विहिरीला टाळं लागलं, टँकर सुरू झाला. मुरलेली घाण कुठवर पोचते ते कळावं म्हणून जमिनीत पाच नळ्या पुरल्या आणि राखणीला गावचा थापाड्या सुकऱ्या नेमला. तीन नंबरची नळी विहिरीच्या अंगाला. महिन्याला तिच्यातलं पाणी उपसून बाटली भरून ठेवायची आणि ठाण्याहून जीपमधून येणाऱ्या योगिता मॅडमच्या हाती तपासायला द्यायची, एवढंच काम.

पहिल्या खेपेला वर आलं ते काळ्या चहासारखं, नासक्या अंड्याच्या वासाचं. सुकऱ्या शरमेनं अर्धा झाला. तपासतात म्हणजे चाखूनच ना? भात शिजला की नाही, ते शीत तोंडात टाकूनच कळतं. ठाण्याला कुणी साहेब याचा घोट घेणार आणि विचारणार, कुठल्या पाड्याचं रे हे? दारी आलेल्या वैऱ्यालाही खैरपाड्यानं असं पाणी दिलं नव्हतं. त्यानं ते ओतून दिलं, दोन टेकड्या चढून देवाच्या झऱ्यावर गेला आणि बाटली तिथं भरली. असे आठ महिने. ऐन वैशाखातसुद्धा, बायका टँकरच्या हंड्याला रांग लावून बसल्या असताना.

नवव्या खेपेला तो सूर्यमाळला लेकीकडे चार दिवस राहून, वाटेत झऱ्यावर बाटली भरून परतला, तर मॅडम अंगणात हसत उभ्या.

"काका, पेढे द्या! आठही अहवाल स्वच्छ. परवाच टाळं काढलं."

"कशाचा टाळा?"

"विहिरीचं. टँकर बंद आता."

तेवढ्यात सुकऱ्याची बायको मंगळी पाव्हणीसाठी तांब्या घेऊन आली. मॅडमनी तो ओठाला लावला आणि सुकऱ्यानं फटकन हात मारला. तांब्या घरंगळत गेला.

"येडा झालास का? पाव्हनीच्या तोंडचा पानी पाडतो?" मंगळी कडाडली.

"कुठला पानी तो?"

"इहिरीचा. दुसरा हाय कुठं?"

सुकऱ्या सगळं बोलून गेला. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

"काका, ते कुणी पीत नाही हो. यंत्रात घालतात. घाण होतं तर घाणच द्यायचं होतं."

"मंग आदी सांगाचा ना, मॅडम. आमी समजलो, पाव्हन्याला द्याचा हाय."

सांगितलं नव्हतंच कुणी.

झऱ्याची बाटली ओतून सुकऱ्या नळीवर गेला. काळं पाणी भरलं आणि मान दुसरीकडे वळवून दिलं.

"पंधरा दिवस लागतील. तोवर त्या विहिरीचं कुणी पिऊ नका," मॅडम म्हणाल्या. "टँकरचं मी आजच बोलते." जीप उताराला लागली.

विहिरीकडून सून आली. जयवंती, सातवा महिना, डोक्यावर भरलेला हंडा. सुकऱ्यानं तो उतरवून मातीत ओतला. ती बघतच राहिली.

"पोरी, तू पेलीस?"

"दोन दिस तोच तं पितू, बाबा. गोड हाय."

गावभर थापा मारणाऱ्या सुकऱ्यानं तोंड उघडलं. त्यातून शब्द काही निघाला नाही.