ढालकऱ्याचे शेवटचे शब्द

सूत्रधाराने फार तयारी करू नये, असं दादाने आपल्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. धाकटीने नेमकं तेच केलं. दिवसभर चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची आणि घरी येऊन गुहांचे नकाशे काढायचे, असा तिचा आठवडा गेला. तेवीस पानं भरली. त्यातली वीस तरी वाया जाणार होती, कारण खेळाडू ही जातच अशी, की तुम्ही राजवाडा उभा करावा आणि त्यांनी तबेल्यातल्या घोड्याशी गप्पा मारत बसावं.

खेळ तसा साधा. दर रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती पाच जण जमायचे. चौघांनी एकेक पात्र व्हायचं, सूत्रधाराने उरलेलं सगळं जग व्हायचं, आणि पेच पडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा; आकडा जितका मोठा, तितकं यश पक्कं. अकरा वर्षं सूत्रधार दादाच होता. आठ महिन्यांपूर्वी त्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द ओठांशी येऊन अडकायला लागले. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस 'पाणी' म्हणताना घामाघूम होऊ लागला. तेव्हापासून पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागची खुर्ची त्याच्या बहिणीकडे, धाकटीकडे आली, आणि दादा समोर खेळाडूंत, वहिनीशेजारी, ढालकरी होऊन बसू लागला.

आज गुहेतला अजगर ढालकऱ्यावर चालून आला होता. बाकीचे तिघे दगडी दारातून बाहेर निसटत होते, आणि हा एकटा मागे राहिला होता.

धाकटीला भीती त्याच्या मरणाची नव्हती. पात्रं मरतात, पुढच्या रविवारी नवी येतात. भीती होती या टेबलाच्या रिवाजाची, आणि तो दादानेच पाडलेला: ज्याचं पात्र मरेल त्याने त्याचे शेवटचे शब्द स्वतः बोलायचे, आणि तोवर दुसऱ्या कोणी ब्र काढायचा नाही. शिंप्याचं पात्र असलेला चोर मागे सहा मिनिटं मरत होता. दातवाली, म्हणजे त्यांच्यातली दंतवैद्य, तेवढ्यात एक डुलकी काढून उठली होती.

महिन्यापूर्वी औषधाच्या दुकानात दादा अडखळला आणि रांगेतला कोणी हसला. त्यानंतर त्याने बाहेर तोंड उघडणंच सोडलं. घरी वहिनी त्याची वाक्यं पुरी करायची, इथे शिंपी करायचा. सगळे मायेनेच करत होते, पण बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की आता हे गप्प बसले तर वाचा परत यायची नाही. या खेळाखेरीज तो कशासाठीही घराबाहेर पडत नव्हता. इथेही चौघांसमोर फजिती झाली, तर पुढच्या रविवारी तो येणार नाही, हे धाकटीला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून ती खोटं बोलत होती.

पडद्याआड अठरा पडले, तिने चार सांगितले. अजगराचा घाव हुकला. मग सतरा पडले, तिने सहा सांगितले. शिंपी म्हणाला, या अजगराला चष्म्याची गरज आहे, तुझ्या कारखान्यात घेऊन जा. सगळे हसले. दादा हसला नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसा तो पडद्याकडे बघत होता.

तिसऱ्यांदा वीस पडले. वीस म्हणजे थेट घाव, त्यावर अपील नाही. तिने फासा झटकन उचलला आणि म्हणाली, "तीन."

तिथेच ती फसली. दादाच्या वहीत चौदाव्या पानावर होतं, आणि स्वतःची पानं भरण्याच्या नादात तिच्या डोक्यातून ते पार निघून गेलं होतं: खऱ्या फाशाकडे माणूस क्षणभर बघतो, खोटा सांगायचा असला की लगेच उचलतो.

दादाने डावा हात लांब करून पडदा आडवा पाडला. टेबलावरच्या खडूच्या रेघांमध्ये बोट टेकवलं. म्हणजे, इथे, सगळ्यांसमोर टाक.

"दादा, राहू दे ना," ती म्हणाली. "मी नवीन आहे, चुकतं माझं."

त्याने मान हलवली. बोट हललं नाही. तो रागावला होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. झटक्याने त्याचा हात नेला होता, आणि निदान हरण्याचा हक्क तरी उरला होता, तो सख्ख्या बहिणीने काढून घेतला होता. धाकटीला स्वतःची लाज वाटली.

तिने फासा टाकला. तो घरंगळत कात्रीपाशी जाऊन थांबला. एकोणीस.

"ढालकरी पडला," ती कशीबशी म्हणाली.

दादाचे ओठ उघडले आणि मिटले. मानेची शीर फुगली. दातवाली आपल्या नखांकडे बघत राहिली.

"मी..."

वहिनीच्या ओठांवर आलेला शब्द धाकटीला दिसला. तिलाही काहीतरी बोलून हे सगळं मोडून टाकावंसं वाटत होतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"मी... दार..."

"दार धरून ठेवतो, तुम्ही पळा," शिंप्याच्या तोंडून निघून गेलं. त्याने लगेच जीभ चावली.

दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग धाकटीकडे. कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता.

"थांबा," तो म्हणाला. "मी... अजून... बोलतोय."

सगळे थांबले. बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी गेली.

"दार... लावू... नका. मी... येतोय."