एकोणीस ते एकोणतीस

“ताई, परत आला बघा. तिसऱ्यांदा.” स्वरूपानं दारातूनच मोबाइल पुढं केला.

साधनानं अजून खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. आकुर्डीहून येणारी बस तळवड्याच्या चौकात अडकली होती. ती पोचली तेव्हा ऑफिसच्या पायरीवर तिच्याआधी चार जण येऊन उभे होते आणि चौघांची तक्रार एकच होती. बाहेर पाठवलेला प्रत्येक मेल दोन मिनिटांत परत येत होता.

चाकणच्या अलीकडे, खालुंब्र्याच्या रस्त्याला लागून असलेली ही लहान कारखान्यांची वसाहत. अकरा शेड, अकरा मालक. सगळ्यांनी मिळून एक संघ काढला होता आणि संघाच्या ऑफिसात, साधनाच्या टेबलामागच्या काचेच्या खोलीत, एक सर्व्हर ठेवला होता. अकराही कारखान्यांच्या वेबसाइट आणि मेल त्या एका मशिनवर चालत. साधना इथं आली ती टायपिस्ट म्हणून. माहेर औशाजवळचं, नवरा दुचाकीच्या कंपनीत. सर्व्हर बसवणारा निरंजन नावाचा इंजिनिअर पुढं हिंजवडीला लागला. जाताना तिच्या हातात एक वही देऊन म्हणाला, “काही अडलं तर यात बघा.” त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून वसाहतीत कुणाचंही काही अडलं की लोक म्हणत, कॉम्प्युटरवाल्या ताईंना सांगा.

“आज चारच्या आत रिपोर्ट जायलाच पाहिजे, ताई,” स्वरूपा म्हणाली. तिचा गेज, म्हणजे सुट्या भागांची मापं तपासायची हत्यारं, बनवायचा कारखाना. नवऱ्याच्या अपघातानंतर तिनं तो एकटीनं उभा ठेवला होता, अठरा माणसं होती. “सहा महिने त्या कंपनीच्या मागं आहे मी. सॅम्पल पास झालं. आता मोजमापांचा रिपोर्ट गेला की ऑर्डर. चार वाजून गेले की त्यांच्या यादीतून नाव कट.”

“दुसऱ्या मेलवरून पाठवला तर?”

“चालत नाही. आमच्या कारखान्याच्याच नावाचा लागतो. विचारून झालं.”

साधनानं खुर्चीत बसून सर्व्हरची नोंद उघडली. पडदाभर ओळी सरकत होत्या. रात्रीतून चौदा हजार मेल बाहेर गेले होते. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना, लॉटरी लागल्याचे. सगळे एकाच खात्यातून. मळाई पॅकर्स.

म्हणजे धर्माजी. वसाहतीच्या टोकाला त्यांची माल ठेवायच्या लाकडी पॅलेट बनवायची शेड होती. सत्तरीचा माणूस, इथल्याच गावचा. हिशोब सून बघायची, पण मेल मात्र धर्माजी स्वतः उघडत, एका बोटानं.

तिनं त्यांचं खातं बंद केलं. चौदा हजारांचा ओघ थांबला. पण बाहेरच्या जगानं जे ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं. अकराही कारखान्यांचे मेल एकाच नेटवर्क पत्त्यावरून निघत, आणि तो पत्ता आता काळ्या यादीत होता.

तेवढ्यात दादासाहेब आले. संघाचे सेक्रेटरी, पत्रा दाबायच्या प्रेसचे मालक. त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. मागोमाग धर्माजीही आले, टोपी हातात धरून.

“काय केलंत हो तुम्ही?” दादासाहेबांनी विचारलं.

“म्या काय केलं न्हाई,” धर्माजी म्हणाले. मग साधनाकडं वळले. “बाई, काल तुमचाच मेल आलता ना? मेलचा डबा भरलाय म्हनून. पासवर्ड टाका, न्हाईतर बंद व्हईल. आमी टाकला.”

“मी नव्हता पाठवला, बाबा.”

“तुमचं नाव व्हतं खाली. ऑफिसचं.” ते थांबले. “मला वाटलं, बाईच मागतायत.”

दादासाहेब म्हणाले, “साधनाताई, यांचं नाव काढून टाका सर्व्हरवरून. आजच्या आज. एकामुळं दहा जणांनी का मरायचं? आमचं पहिलं चालू करा.”

“काढून उपयोग नाही, साहेब. पत्ताच खराब झालाय. नाव काढलं तरी पत्ता तोच.”

“मग?”

साधनाला उत्तर माहीत होतं. खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, इंटरनेट कंपनीचं एक पत्र होतं, तीन वर्षांपूर्वीचं. त्यात सध्याचा पत्ता धरून सोळा पत्त्यांची रांग दिली होती. निरंजननंच फोनवर सुचवलं होतं, प्रत्येक कारखान्याला वेगळा पत्ता द्या, म्हणजे एकाचं बिघडलं तरी बाकीचे सुरक्षित राहतात. तिनं अर्ज केला होता, पत्ते आले होते, आणि मग तिनं फाइल बंद करून ठेवली होती. चाललंय ना, मग हात कशाला लावायचा. आपण काही इंजिनिअर नाही. उद्या सगळंच बंद पडलं तर? दर दिवाळीला ड्रॉवर आवरताना ती फाइल हाताला लागायची आणि तशीच परत खाली जायची.

ती उठून उभी राहिली.

“साहेब, यात धर्माजीबाबांची चूक आहे तेवढीच माझी आहे. जास्तच आहे. वेगळे पत्ते आपल्याकडं तीन वर्षांपासून पडून आहेत. मी भीतीपोटी लावले नाहीत. लावले असते तर आज एकट्या मळाईचा मेल बंद पडला असता.”

दादासाहेब तिच्याकडं बघतच राहिले. “हे आज सांगताय?”

“आज सांगतेय. चारपर्यंत स्वरूपाताईंचा मेल जाऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला.”

छातीत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी सैल झालं होतं. तिनं सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि निरंजनला फोन लावला.

तो पुनावळ्यात राहत होता, घरून काम करत होता. सगळं ऐकून म्हणाला, “मॅडम, दीड वाजेपर्यंत मीटिंगमध्ये आहे मी. तुम्हीच करा.”

“मला जमेल?”

“वहीत लिहिलंय सगळं. एका मशिनला कितीही पत्ते देता येतात. एक पत्ता द्यायचा, त्याला एक नाव बांधायचं, आणि त्या नावाचे मेल त्याच पत्त्यावरून बाहेर जातील असं सांगायचं. एक झालं की दुसरं. घाई करू नका.”

तिनं वहीचं पान काढलं. शेजारी ते पत्र ठेवलं. सोळा पत्ते, शेवटचा आकडा सोडला तर सगळे सारखे. अठरा हा सध्याचा, बदनाम झालेला. रांगेत सगळ्यात आधीचा मोकळा पत्ता सतरा दिसला. तिनं स्वरूपाच्या कारखान्यासाठी सतरा टाकला, दोनदा तपासला आणि बटण दाबलं.

पडदा थिजला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “ताई, वेबसाइट पण गेली!” पाठोपाठ टेबलावरचा फोन वाजला. मग मोबाइल. आतापर्यंत मेल बाहेर जात नव्हते, आता सगळंच बंद झालं होतं.

“काय करायलीस गं तू?” ती स्वतःलाच म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी औशाची भाषा यायची. तीन वर्षं ती ज्याला घाबरली होती, ते नेमकं हेच होतं.

दार ढकलून दादासाहेब आत आले. तिनं मान वर न करता हात आडवा केला. “पाच मिनिटं द्या, साहेब.” दादासाहेबांना असं ऐकायची सवय नव्हती, पण ते मागं झाले.

ती काचेच्या खोलीत गेली, सर्व्हरलाच कीबोर्ड जोडला आणि पत्र पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी बोट ठेवून, ओळीन् ओळ. दुसऱ्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात होतं. रांगेतला पहिला वापरता येणारा पत्ता इंटरनेट कंपनीच्या यंत्रासाठी राखीव आहे. म्हणजे सतरा हा तिचा नव्हताच. ज्या दारातून सगळ्यांची ये-जा चालते, त्या दाराचाच नंबर तिनं एका खोलीला लावला होता.

सतरा काढला. अर्ध्या मिनिटात दिवे लुकलुकायला लागले. बाहेरून आवाज आला, “आली, आली वेबसाइट.”

ती तशीच फरशीवर बसली. भीतीचं सगळ्यात वाईट रूप तिनं आता बघितलं होतं, आणि ते चार मिनिटांत आवरलं होतं. तिला चक्क हसू आलं.

मग तिनं कोरा कागद घेऊन एकोणीस ते एकोणतीस असे आकडे एकाखाली एक लिहिले. बरोबर अकरा. प्रत्येकासमोर एक नाव. एकोणीस स्वरूपाचा. दादासाहेबांचा वीस. अकरावा, एकोणतीस, मळाई पॅकर्सचा.

“आणि अठरा?” काचेतून डोकावत दादासाहेबांनी विचारलं. “त्या खराब पत्त्यावर कोण राहणार?”

“ऑफिस. आपल्या संघाचं नाव. यादीतून काढायला अर्ज टाकते, दोन-चार दिवसांत निघेल. तोवर ऑफिसचे मेल नाही गेले तरी चालेल.”

“मला वाटलं, धर्माजींना ठेवाल तिथं.”

“नाही,” साधना म्हणाली, आणि कामाला लागली.

एकोणीस चालू झाला. तिनं स्वतःच्या बाहेरच्या, खासगी खात्यावर एक मेल पाठवून बघितला. गेला, आणि परत आला. पण कारण वेगळं होतं. समोरचा सर्व्हर म्हणत होता, या पत्त्याच्या मागं कुणाचंच नाव नोंदलेलं दिसत नाही. ती नोंद इंटरनेट कंपनीच करू शकत होती. तिनं तिथं फोन लावला. वर्षाली नावाच्या मुलीनं उचलला.

“रिक्वेस्ट टाका मॅडम, चोवीस तासांत होईल.”

“चोवीस तास नाहीत माझ्याकडं. चारला एका बाईंची ऑर्डर हातची जाईल.”

“सगळेच अर्जंट म्हणतात, मॅडम.”

“सगळे म्हणत असतील. मी सात वर्षांत तुमच्याकडं आज पहिल्यांदा फोन केलाय. बघा तुमच्या कॉम्प्युटरवर.”

पलीकडं काही क्षण नुसता कीबोर्डचा आवाज. “खरंच की. एकही तक्रार नाही.” मग थोड्या वेळानं, “अकराही नावं एकदम पाठवा. मी वर बोलते.”

डबा तसाच राहिला. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेला. बाराच्या सुमारास उठून गेलेली माणसं पुन्हा येऊन पायरीवर बसली. धर्माजी मात्र गेलेच नव्हते. भिंतीला टेकून, कुणाशी न बोलता बसून होते. दोनच्या सुमारास स्वरूपानं त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात घेतला आणि म्हणाले, “पोरी, माझ्यामुळं.” स्वरूपा म्हणाली, “प्या बाबा, गार होईल.” तिच्या आवाजात राग नव्हता, पण तिचं लक्ष घड्याळाकडं होतं.

मधल्या वेळात साधनानं उरलेले दहा पत्ते लावले. वीस, एकवीस, बावीस. प्रत्येक वेळी बटण दाबताना श्वास रोखायची, आणि प्रत्येक वेळी काहीच बिघडायचं नाही. पंचवीसनंतर तिनं श्वास रोखायचंही सोडलं. दीड वाजता निरंजनचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, “होत आलंय. तू जेवून घे.”

तीन वाजून अठरा मिनिटांनी वर्षालीचा मेसेज आला. नोंदी झाल्या.

साधनानं पुन्हा स्वतःला मेल पाठवला. मोबाइलवर टिंग वाजलं. तिनं हाक मारली, “स्वरूपाताई, पाठवा.”

स्वरूपानं तिथंच उभ्या उभ्या लॅपटॉप मांडीइतक्या उंच स्टुलावर टेकवला आणि रिपोर्ट पाठवला. पाच मिनिटं गेली. परत आला नाही. दहा मिनिटांनी समोरून दोन ओळींचं उत्तर आलं. रिपोर्ट मिळाला, उद्या खरेदी विभाग संपर्क करेल. स्वरूपानं ते मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, आणि काही न सुचून साधनाचे दोन्ही हात धरले. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघीही हसत होत्या.

पायरीवर एकदम गलका झाला. ज्याचा त्याचा मेल जायला लागला होता. दादासाहेबांनी आपला पाठवून बघितला, पोचल्याची खात्री केली, मग आत आले. बोलणी खायची तयारी ठेवून साधना उभी राहिली.

“जेवलात का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“जेवा आधी.” जाता जाता दाराशी थांबले. “आणि ती वही. तिची एक झेरॉक्स काढा. संघाच्या कपाटात राहू दे. सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर नको.” मग जरा आवाज चढवून, “पण तीन वर्षं म्हणजे जास्तच झालं हां.”

“हो, साहेब.”

पायरी रिकामी झाली. साधनानं डबा उघडला. शेपूची भाजी, दोन पोळ्या, लिंबाची फोड. गार झालेलं ते जेवण तिला फार चवदार लागलं. तिनं हात धुतले तेव्हा धर्माजी अजून दारात उभे होते.

“बाई, आमचं?”

“तुमचं पण झालंय, बाबा. तुम्हाला स्वतंत्र पत्ता दिलाय. आता तुमचं काही बिघडलं तर दुसऱ्याला त्रास नाही. अन् दुसऱ्याचं बिघडलं तर तुम्हाला नाही.”

“काढून न्हाई टाकलं?”

“कशाला काढू?”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“फक्त पासवर्ड नवीन लावायचाय,” साधना म्हणाली. “या, माझ्या खुर्चीत बसा. इथं टाका, मग खाली पुन्हा तोच टाका.”

“तुमीच टाका की. तुमाला म्हाईत असला म्हंजे बरं.”

“नाही, बाबा. तो कुणालाच सांगायचा नसतो. मी मागितला तरी नाही. माझ्या नावानं मेल आला, फोन आला, मी स्वतः समोर उभी राहून मागितला, तरी नाही द्यायचा.”

धर्माजींनी तिच्याकडं नीट बघितलं. “तुमाला बी न्हाई?”

“मला तर नाहीच.”

ते सावकाश खुर्चीत बसले. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि उजव्या हाताचं एक बोट पुढं काढलं. साधना बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि रस्त्याकडं तोंड करून पायरीवर उभी राहिली. समोरून कंटेनर जात होते, पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या परतत होत्या. आतून एकेक अक्षराचा आवाज येत होता, मध्ये लांबलांब थांबत. तिनं मागं वळून बघितलं नाही. त्यांचं होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.